उलट्या डब्यांचा सिनेमा

माझी नात पुण्याजवळ जांब्याला खोली घेऊन राहते. रविवारी तिच्या दोन-तीन मैत्रिणी जमतात आणि जपानी चित्रांच्या सिनेमांवरून भांडतात. कुठल्या सिनेमातला पाऊस खरा वाटतो, कुणी गोष्ट उगाच ताणली, कुणाचा शेवट फसला. भांडण असं की शेजारचे भिंत ठोकतात. मी कोपऱ्यात शेंगा फोडत ऐकत असते. एकदा नात म्हणाली, "आजी, तुला बोअर होत असेल ना?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमच्या आया जन्मल्या नव्हत्या तेव्हा असल्याच सिनेमांवरून आमच्या पौडात भर जत्रेत मिशी उतरलेली आहे. मला शिकवू नका." पोरी हसून हसून लोळल्या. मी त्यांना मिशीपर्यंतच सांगितलं. पुढचं हसण्यासारखं नाही.

चैत्रातल्या जत्रेला पौडात तंबूचा सिनेमा यायचा. त्या वर्षी, साठ साल उलटून गेलं होतं, तंबूवाल्यानं मुंबईहून दोन जपानी सिनेमे आणले. हातानं काढलेल्या चित्रांचे, रंगीत. दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणूनच ते त्याच्या वाट्याला आले असणार. बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं पळायची. पौडात इंग्रजी येणारी माणसं फक्त कचेरीत, आणि त्यांनाही ती धावती अक्षरं गाठता येत नव्हती. त्यामुळं गोष्ट डोळ्यांनी ओळखायची आणि घरी जाताना एकमेकांना सांगून पक्की करायची, अशी रीत पडली.

एक सिनेमा घंटेचा. डोंगरावरच्या देवळाची घंटा मुकी होते. एक भिक्षू आणि एक अस्वल तिला गाडीवर घालून समुद्रापर्यंत नेतात. वाटेत चोर, बर्फ, तुटलेला पूल, आणि शेवटी घंटा वाजते. दुसरा मिठवालीचा. समुद्रकाठी एक पोर आणि तिची आजी मीठ काढतात, पोर ते टोपलीत घालून डोंगरावर विकायला नेते. पूर येतो. खुंट्याला बांधलेलं वासरू सोडवायला ती पाण्यात शिरते. वासरू बाहेर येतं, पोर येत नाही. टोपली तेवढी तरंगत राहते.

आमच्या तंबूत मात्र सिनेमा इथं संपला नाही. एकच मशीन असल्यामुळं फिल्मचा डबा बदलताना दिवे लागायचे. दिवे लागले, बायकांनी डोळे पुसले, दिवे गेले, आणि पडद्यावर तीच झोपडी, तीच आजी, आणि पाळण्यात तान्हं बाळ. पोरीच्या मानेवर मागं एक तीळ होता. बाळाच्या मानेवरही तोच तीळ. बाळ मोठं झालं, तीच पोर झाली, वासराच्या पाठीवर बसून हसली, आणि पडदा एकदम पांढरा.

पौडला जराही शंका आली नाही. पोर परत जन्माला आली. जपानी झाले म्हणून काय, जन्ममरण त्यांना चुकलंय थोडंच! आजीचे पांढरे केस त्या बाळापाशी काळे झाले होते, त्यावर थोडी कुजबुज झाली, पण तीही मिटली. खरी गोष्ट अशी होती की डब्यांवरचे आकडे जपानी होते आणि मशीनवाल्यानं ते अंदाजानं लावले होते. ते आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता घरचं सांगते. त्याच्या आधीच्या श्रावणात माझा धाकटा भाऊ मुळा नदीच्या डोहात गेला. चार वर्षांचा होता. त्यानंतर आई रडली नाही, बोलली नाही, वाढलं तर दोन घास खायची, नाहीतर तेही नाही. माझ्या केसांच्या जटा झाल्या. मी बारा-तेरा वर्षांची, परकर सावरत घरातलं सगळं करायची, आणि ती माझ्याकडं भिंतीकडं बघावं तशी बघायची. लोक म्हणायचे, बिचारी माउली. मला तिचा राग यायचा. मी जिवंत होते ना!

मिठवालीच्या सिनेमाला तिला शेजारच्या शिंप्याची बायको ओढून घेऊन गेली. शेजारणीचे तेव्हा दिवस भरत आले होते. वैशाखात तिला मुलगा झाला आणि त्याच्या मानेवर तीळ निघाला. शिंपी मिठवालीच्या सिनेमाचा नुसता वेडा झालेला माणूस. त्यानं श्रावणापासून वैशाखापर्यंत बोटांवर नऊ महिने मोजले आणि बाळंतिणीची खोली सोडून तडक आमच्या दारात आला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमचं पोर माझ्याकडं आलंया. मानंवर तीळ हाय, बघून घ्या."

माझ्या भावाच्या मानेवर तीळ होता का? मला आठवत नाही. त्या दिवसापर्यंत आईलाही आठवत नव्हता. शिंप्यानं सांगितल्यावर आठवला.

ती रोज दुपारी शिंप्याकडं जाऊ लागली. बाळाला तेल लावायची, न्हाऊ घालायची, मांडीवर घेऊन बसायची. शिंप्याच्या बायकोला आयतं माणूस मिळालं होतं, तिची काही तक्रार नव्हती. आई जेवायला लागली. एकदा हसलीसुद्धा. मी वडिलांना म्हटलं की हे खोटं आहे, आपलं पोर पाण्यात गेलं. वडील म्हणाले, "खाती हाय न्हवं? मग गप ऱ्हा." बाळाला न्हाऊ घालून ती घरी यायची तेव्हा तिच्या हाताला तेल असायचं. ते उरलेलं तेल ती माझ्या केसांना लावायची आणि वेणी घालायची. उरलेलं तेल, पण मला तेही चालत होतं. कित्येक महिन्यांनी तिची बोटं माझ्या डोक्यात फिरत होती.

इकडं शिंप्याच्या दुकानात दोन तट पडले होते, घंटावाले आणि मीठवाले. शिलाई मशीनची खडखड थांबली की वाद सुरू. घंटावाल्यांचे पुढारी कचेरीतले कारकून. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. पुण्याचे, बदलीवर आलेले, पौडला काळं पाणी समजणारे. माझे वडील त्याच कचेरीत शिपाई, त्यांच्याच हाताखाली.

"गोष्ट कशी असावी?" भाऊसाहेब म्हणायचे. "एक काम सुरू व्हावं, अडचणी याव्यात, काम फत्ते व्हावं. घंटा निघते, घंटा पोचते. तुमच्या मिठवालीत आहे काय? अर्धा वेळ नुसता पाऊस पडतो आणि म्हातारी चुलीपुढं बसून राहते."

"म्हातारी बसून ऱ्हाती तितंच तर गोष्ट हाय, भाऊसाहेब," शिंपी म्हणायचा. "घंटा काय, कुनीबी वाजवंल. त्या पोरीची बाही बघितली का? चढताना कोरडी, उतरताना हाताला चिकटल्याली. चित्र काडनाऱ्यानं बाहीतनं पाऊस सांगितला."

"आणि म्हातारीचे केस काळे कसे झाले?"

"नात परत मिळाल्यावर न्हाई व्हनार?"

यावर सगळं दुकान माना डोलवायचं. मी तिथं काज-बटणं करायला बसायची, म्हणून हे सगळं माझ्या कानावर. माझ्या नातीच्या मैत्रिणी एवढ्या शिकल्या, पण केसांवरचं शिंप्याचं उत्तर त्यांच्यातल्या एकीलाही सुचणार नाही. चूक होतं, पण काय झोकात होतं! शिंपी बोलताना मिशीला पीळ भरायचा. अख्ख्या पौडात तसली मिशी नव्हती.

दिवाळीला भाऊसाहेब पुण्याला गेले. तिथल्या थेटरात सकाळच्या खेळाला मिठवालीचाच सिनेमा लागला होता. परत आले ते दुकानात न बसता उभ्यानंच बोलले.

"ती पोर मरते. शेवटी मरते आणि सिनेमा संपतो. ते बाळ म्हणजे म्हातारीला आठवणारं त्या पोरीचं लहानपण. म्हातारी तेव्हा तरुण होती म्हणून केस काळे! तुमच्या तंबूवाल्यानं डबे उलटसुलट लावले आणि तुम्ही त्यातनं पुनर्जन्म काढलात. धन्य आहे."

मग शिंपी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "पुन्यातच उलटा लावला आसंल."

काय हसली माणसं! मशीनवर डोकी टेकून हसली. भाऊसाहेबांचे कान लाल झाले. त्यांना सिनेमाचं काही नव्हतं, हसण्याचं होतं. पौडच्या माणसांनी पुण्याच्या माणसाला हसावं हे त्यांच्या पोटात मावेना. तिथल्या तिथं पैज लागली. पुढच्या जत्रेला तोच सिनेमा मागवायचा, भाऊसाहेब स्वतः मशीनपाशी बसून डबे लावून देणार. शेवटी पोर मेली तर शिंप्यानं मिशी उतरवायची, जगली तर भाऊसाहेबांनी. गावाला मिशी दिसायला लागली. त्या गोष्टीवर कोण जगतंय हे दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यातल्या कुणीच ते बोललं नाही.

बोलले फक्त वडील. मी त्या दिवशी भाकरी घेऊन कचेरीत गेले होते, दाराआडून ऐकलं. ते पागोटं काढून भाऊसाहेबांच्या टेबलापाशी उभे होते.

"साहेब, तेवढा सिनेमा ऱ्हाऊ द्या. आमच्या घरातली त्या गोष्टीवर अन्न खाती हाय."

भाऊसाहेब रागावले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "अरे, उलट तिच्याच भल्याचं आहे. खोट्या आशेवर माणसानं किती दिवस काढायचे? सत्याला सामोरं जायला शिकलं पाहिजे." मग कागद उलटत म्हणाले, "आणि हो, त्या दिवशी कंदील घेऊन ये. मशीनपाशी अंधार असतो."

सत्य सांगायला ज्यांना नेहमी दुसऱ्याचंच घर सापडतं, त्या जातीच्या माणसांचा मला तेव्हापासून तिटकारा आहे. वडिलांचाही राग आला. नोकरी गेली असती तर गेली असती. पण ते "व्हय साहेब" म्हणाले.

जत्रा आली. तंबूत एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, मधे कनात. आई पुढं बसली, मांडीवर शिंप्याचं पोर. ते आता वर्षाचं होत आलं होतं, तिच्या गळ्यातले मणी चोखायचं. तिनं त्याला नवं टोपडं शिवलं होतं. मी शेजारी, पलीकडं शिंप्याची बायको. मागं मशीनच्या झापाआड माझे वडील कंदील वर धरून उभे, आणि त्या उजेडात भाऊसाहेब डबे लावून देत होते. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त एवढंच कळलं होतं की तिचा सिनेमा परत आलाय.

यंदा बाळ लवकर आलं. म्हातारी चुलीपुढं बसून विस्तवाकडं बघत असते, आणि पडद्यावर पाळणा येतो. बायका आईला कोपरानं ढोसायला लागल्या, "आलं बघ, आलं बघ." आईनं पोराचं तोंड पडद्याकडं वळवलं. "ह्यो बघ, तू," ती म्हणाली. मग चूल परत आली, म्हातारीचे केस परत पांढरे झाले, आणि आईचा हात पोराच्या पाठीवर थापटता थापटता थांबला.

नंतर डोंगर, मीठ, वासरू, आणि पाऊस. तो पाऊस मी अजून विसरलेले नाही. कुणी बोलत नाही, नुसता पडत राहतो. भाऊसाहेबांना त्यात गोष्ट दिसली नाही, पण सगळी गोष्ट त्या पावसातच होती, त्यात शिंपी बरोबर होता. पाणी चढलं. पोर शिरली. वासरू बाहेर आलं. टोपली तरंगत राहिली. म्हातारी काठावर आली, तिनं मूठभर मीठ पाण्यात टाकलं, आणि पडद्यावर अक्षरं आली.

बाप्यांच्या बाजूनं एकच गिल्ला उठला. "मिशी! मिशी!"

आई जागची हलली नाही. बाया उठल्या, लुगडी झाडली, पोरं कडेवर घेतली. मी तिचा दंड धरून म्हटलं, "आई, चल."

"आजून एक डबा हाय," ती म्हणाली. अगदी शांतपणे, मला समजावून सांगावं तशी. "गेल्या साली पान्याच्या मागनं आला हुता. थांब जरा."

जाणाऱ्या बायांनी ते ऐकलं. त्यांतली एक तोंडाला पदर लावून हसली. बाहेर न्हाव्यानं शिंप्याला उलट्या खोक्यावर बसवलं होतं आणि जत्रा भोवती रिंगण करून उभी होती. हसण्याचा आवाज तंबूत येत होता. वडील कंदील घेऊन कनातीपाशी आले, आम्हाला पाहिलं आणि तिथंच थांबले. आत आले नाहीत.

थोड्या वेळानं शिंपी आला. मिशी गेल्यावर त्याचं तोंड सोललेल्या बटाट्यासारखं दिसत होतं, आणि डोळ्यांत खून. अख्ख्या पौडापुढं त्याची शोभा झाली होती. भाऊसाहेबांना तो काही करू शकत नव्हता. तो सरळ आईसमोर आला आणि पोराच्या बगलेत हात घातला.

"द्या वहिनी," तो म्हणाला. "सिनेमा संपला."

पोरानं आईच्या गळ्यातले मणी मुठीत धरले होते, ते सोडेना. शिंप्यानं त्याची बोटं एकेक करून उलगडली. पोर आईकडं हात करून ओरडायला लागलं आणि तसंच ओरडत कनातीबाहेर गेलं.

आईचं ते वाक्य पौडानं ठेवून घेतलं. पंगत उठायला लागली की वाढपी म्हणायचा, थांबा, आजून एक डबा हाय. शेवटची एसटी गेली की स्टँडवर कुणीतरी म्हणायचं, घाबरू नका, आजून एक डबा हाय. पुढं माझ्या लग्नात, मला वाटेला लावताना, मागून कुणीतरी तेच म्हणालं आणि वऱ्हाड हसलं. आता म्हणणाऱ्यांना ते कुठून आलं हे माहीतही नाही. गावाला म्हण झाली, एवढाच त्या सिनेमाचा फायदा.

पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन शिंप्याकडं निघाली. तिनं दुपारची वाट पाहिली नाही. मी तिच्या मागं गेले. शिंप्याची बायको दारातच आडवी उभी राहिली.

"वहिनी, आता उंबरा चडू नका," ती म्हणाली. "तिळाची पोर पान्यात गेली, समद्या गावानं बघितलं. माज्या पोराच्या मानंवर बी त्योच तीळ हाय. तुमी त्याला घिऊन घिऊन त्याचं पानी जवळ आनलंय."

गेल्या वर्षी याच बाईनं ते पोर स्वतः आणून आईच्या मांडीवर ठेवलं होतं. त्या वर्षी तीळ मेलेल्याला परत आणत होता, या वर्षी जिवंताला पाण्यात ओढत होता. तीळ होता तिथंच होता, फक्त डबे हलले होते.

"मी हितनंच बघते," आई म्हणाली. "हात लावत न्हाई."

"नगं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आई घरी येऊन आमच्या उंबऱ्यात बसली, वाटी मांडीत धरून. समोरच शिंप्याचं घर. थोड्या वेळानं तिथून बिब्बा जळाल्याचा वास यायला लागला. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. गावात पायातल्या कुरूपावर त्याचा चटका द्यायचे. शिंप्यानं गोधडीची मोठी सुई तापवली होती, बिब्ब्यात बुडवून ती पोराच्या मानेला लावायची, की तीळ गेला आणि त्याच्याबरोबर पाणीही गेलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त पोर ओरडलेलं ऐकू आलं. रडणं नव्हे. एक किंकाळी, मग श्वास अडकल्यासारखी शांतता, मग दुसरी. आई उठली, शिंप्याच्या दारापर्यंत गेली आणि कडीला हात न लावता परत आली. वडील अंगणात उभे होते. ते कचेरीत निघून गेले.

पोराचं ओरडणं हळूहळू कमी होत थांबलं. मग आईनं मला हाक मारली. कित्येक दिवसांत तिनं आपणहून मला अशी हाक मारली नव्हती. मी धावत गेले, खरंच धावत गेले. तिनं मला पुढ्यात बसवलं, तिच्या दोन गुडघ्यांमधे, पाठ तिच्याकडं करून. रिबीन सोडली. वेणी उकलली. वाटीत तेल भरलेलं होतं, आज उरलेलं नव्हतं, पहिलंच होतं. मी डोळे मिटले.

तिनं तेल घेतलं नाही. माझे केस दोन्ही हातांनी वर धरले आणि मान उघडी केली. तिचा अंगठा माझ्या मानेवरून फिरला, कानापासून खाली मणक्यापर्यंत, मग दुसऱ्या बाजूनं. सावकाश, एकही जागा न सोडता. ती काय शोधतेय हे मला कळलं, आणि मी देवाची इतकी आर्जवं परत कधीच केली नाहीत. असू दे. छोटासा असू दे. मळाचा ठिपका असला तरी चालेल.

माझी मान कोरी होती. तिनं केस सोडून दिले आणि रिबीन माझ्या हातात ठेवली.

"तुजी तू घाल," ती म्हणाली.

मी घातली. वाकडी आली.